अपॉइंटमेंट घेतली तरी दाताच्या दवाखान्यात थांबावं का लागतं?

हा आपल्या पॉडकास्टच्या या आठवड्याच्या एपिसोडचा लिहून काढलेला मजकूर. ज्यांना लोकलमध्ये, बसमध्ये इअरफोन सापडत नाही, त्यांच्यासाठी. बोलताना मी जे ‘अं… म्हणजे’ करतो ते काढून टाकलंय, बाकी बोललो तसंच ठेवलंय.

सुरुवातीलाच सांगतो, मी डॉक्टर नाही. मी बीटेक केलेला, हिंजवडीत कोड लिहिणारा माणूस. पण माझी मावसबहीण बीडीएस आहे. पिंपरीकडच्या एका वस्तीत, एका ट्रस्टच्या दोन खोल्यांच्या दवाखान्यात ती संध्याकाळी ५ ते ९ बसते. दोन खुर्च्या, ताई आणि अजून एक डॉक्टर, मदतीला एक मावशी, आणि बाहेरच्या टेबलावर नंबर लावणारा एक दादा. फी कमी, म्हणून गर्दी भरपूर. रिक्षावाले, धुणीभांडी करणाऱ्या बायका, कंपनीतले कंत्राटी कामगार, शाळेची पोरं.

एका दिवाळीला फराळ करताना ताई म्हणाली, “तू एवढा सॉफ्टवेअरवाला, आमच्या अपॉइंटमेंटचं काहीतरी कर ना. लोक दोन-दोन तास बसून राहतात आणि शेवटी माझ्यावरच चिडतात.” मी चकलीचा तुकडा मोडत म्हटलं, “एका वीकेंडचं काम आहे.” आयटीतल्या माणसाने हे वाक्य उच्चारलं की समजून जायचं, पुढचं वर्ष गेलं.

मी काय केलं? गुगल शीट बनवली. दर १५ मिनिटांना एक पेशंट, दोन खुर्च्या, चार तास, म्हणजे ३२ जागा. दिसायला एकदम छान. पहिल्याच दिवशी साडेसहाला ती शीट आणि वास्तव यांचा काडीमोड झाला.

कारण ‘एक पेशंट’ हे एकक मुळात चुकीचं आहे. नुसतं दात दाखवायला आलेला माणूस दहा मिनिटांत मोकळा होतो. सिमेंट भरायचं असेल तर अर्धा तास. रूट कॅनलची एक बैठक पाऊण तास ते तास. आणि दाढ काढणं? ती पाच मिनिटांत हातात येईल, नाहीतर मूळ तुटून तासभर बसेल, आधी कुणीच खात्रीने सांगू शकत नाही. त्यात भूल देण्याचा प्रकार असतो. वरच्या दाताला शेजारी सुई दिली की दोन-तीन मिनिटांत बधिर होतं. खालच्या दाढेला मात्र जबड्यात मागे जी नस असते तिथे द्यावी लागते. मग ओठ जड होईपर्यंत थांबायचं, पाच-दहा मिनिटं जातात. कधी ती बसतच नाही, पुन्हा द्यावी लागते. आणि वर्षानुवर्षं गुटखा खाल्लेल्या माणसाचं तर तोंडच पूर्ण उघडत नाही, आतली कातडी ताठ झालेली असते. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. ताईच्या खुर्चीत बसलं की त्या बंदीबद्दल वेगळीच माहिती मिळते. अशा माणसाच्या मागच्या दाढेचं काम करायला दुप्पट वेळ धरायचा, हे मला तिसऱ्या आठवड्यात कळलं.

मग मी अंदाज सुधारले. कामाप्रमाणे जागा लहान-मोठ्या केल्या. तरी लोक थांबतच होते, आणि इथे जरा गणित येतं. पळून जाऊ नका, सोपं आहे.

समजा एकच खुर्ची आहे. माणसं कधीही येतात आणि प्रत्येकाला लागणारा वेळ कमी-जास्त असतो. रांगेच्या शास्त्रात याचं एक साधं सूत्र आहे. खुर्ची ८० टक्के वेळ भरलेली असेल, तर येणाऱ्याला सरासरी चार पेशंटच्या कामाइतकं थांबावं लागतं. ९० टक्के भरलेली असेल तर नऊ. ९५ टक्के असेल तर एकोणीस! बघा, खुर्ची ८० वरून ९५ वर नेली, म्हणजे काम थोडंसंच वाढवलं, आणि थांबणं जवळजवळ पाचपट झालं. अपॉइंटमेंट दिल्या की माणसं इतकी अस्ताव्यस्त येत नाहीत, आणि दवाखाना चारच तास उघडा असतो, त्यामुळे प्रत्यक्षात आकडे एवढे भयंकर नसतात. पण आलेखाचा आकार तोच. शेवटी शेवटी तो सरळ आकाशात जातो.

आणि मी काय केलं होतं? ३२ च्या ३२ जागा भरल्या होत्या. १०० टक्के! सर्व्हर असता तर मी स्वतःच ओरडलो असतो की अरे, थोडी जागा मोकळी ठेवा. माणसांच्या बाबतीत मात्र रिकामी जागा दिसली की ‘वाया चालली’ असं वाटतं. ट्रस्टच्या मीटिंगमध्येही हाच प्रश्न आला, की बाहेर लोक उभे असताना तुम्ही सव्वासातची जागा रिकामी का ठेवता? ताईने उत्तर दिलं, “कारण सव्वासातला कोणाचातरी गाल सुजून येतोच.” कोण येणार ते माहीत नसतं, पण कुणीतरी येणार हे माहीत असतं.

यातली एक गंमत म्हणजे हा प्रश्न फार जुना आहे. १९५२ साली वेल्च आणि बेली या दोघांनी ब्रिटनमधल्या हॉस्पिटलांच्या ओपीडीसाठी यावर लिहिलं होतं. त्यांचा तोडगा असा, की सुरुवातीलाच दोन पेशंट बोलवा आणि पुढचे एकेक करून, एका पेशंटला सरासरी जेवढा वेळ लागतो तेवढ्या अंतराने. म्हणजे पहिला उशिरा आला तरी डॉक्टर रिकामे बसत नाहीत, आणि सगळ्या गावाला पाच वाजता बोलावून ठेवावंही लागत नाही. आम्ही तेच उचललं, फक्त पाचच्या दोघांपैकी एक नुसता तपासणीवाला ठेवला. पहिल्या पेशंटची भूल चढेपर्यंत त्याला बघून होतं.

आता मला वाटत होतं की अडथळा म्हणजे डॉक्टरचा वेळ. एका शनिवारी मी चार तास तिथे नुसता बसून राहिलो आणि वहीत वेळा टिपल्या. साडेसातला दोन्ही डॉक्टर मोकळ्या, दोन्ही खुर्च्या रिकाम्या, बाहेर सात जण बसलेले. का? मावशी म्हणाल्या, “मशीन व्हायचंय.”

मशीन म्हणजे ऑटोक्लेव्ह. दिसायला मोठ्या कुकरसारखं, काम पण तेच, दाबाखालची वाफ. तोंडात गेलेली अवजारं त्यात १२१ अंशाला १५ मिनिटं किंवा १३४ अंशाला तीन-चार मिनिटं ठेवावी लागतात, मग जंतू मरतात. पण हा झाला फक्त वाफेचा वेळ. आधी अवजार घासायचं, ड्रिलच्या हँडपीसला तेल द्यायचं, पाकिटात बंद करायचं, मशीन तापायची वाट बघायची, नंतर पाकीट सुकू द्यायचं. ओलं पाकीट निर्जंतुक धरत नाहीत. सगळं मिळून एक हँडपीस पुन्हा हातात यायला आमच्याकडे सव्वा तास लागत होता.

इथे माझ्या कॉलेजमधलं एक सूत्र पहिल्यांदा पैसे वसूल करून गेलं. लिटल्स लॉ. जॉन लिटल यांनी ते १९६१ साली सिद्ध केलं. साखळीत किती वस्तू अडकलेल्या असतात? तासाला किती येतात, गुणिले प्रत्येक वस्तू किती तास साखळीत राहते. आमच्याकडे दोन खुर्च्यांवर मिळून तासाला ड्रिलची तीन कामं. प्रत्येक हँडपीस ४० मिनिटं खुर्चीत आणि ७५ मिनिटं धुण्या-वाफेत, म्हणजे जवळपास दोन तास. तीन गुणिले दोन, सहा. दवाखान्यात हँडपीस होते चार!

म्हणजे मी शीट कितीही सुंदर बनवली असती, दादाने नंबर कितीही काटेकोर लावले असते, तरी दोन हँडपीस कमी म्हटल्यावर रांग लागणारच. अशा वेळी आडवाट काय असते, तर नुसतं स्पिरिटने पुसून पुढच्या पेशंटला वापरणं. ताई ते करत नाही, म्हणून खुर्ची रिकामी राहत होती. मला त्या दिवशी रिकाम्या खुर्चीचा पहिल्यांदा आदर वाटला. आपण पेशंट म्हणून जातो तेव्हा हे विचारायला काही हरकत नाही बरं का: पाकीट आमच्यासमोर फोडता ना? चांगल्या डॉक्टरला याचा राग येत नाही.

उपाय दोन झाले. पैशाचा उपाय, ट्रस्टने अजून दोन हँडपीस घेतले. आणि फुकटचा उपाय, कामांचा क्रम बदलला. ड्रिल लागणारं एक काम, मग न लागणारं एक: कवळीचं माप, टाके काढणं, नुसती तपासणी. थांबणं कमी झालं. मी खूश, ताई खूश, ट्रस्टवाल्यांनी माझा नारळ-शाल देऊन सत्कारसुद्धा केला. शाल अजून आईकडे आहे.

आता जे सांगणार आहे ते सत्कारानंतर चार महिन्यांनी कळलं.

एका काकू होत्या. मेसमध्ये पोळ्या लाटायच्या. खालच्या उजव्या दाढेत ठणका, रात्रभर झोप नाही. ताईने रूट कॅनल सुरू केलं. हे काम एका बैठकीत संपू शकतं, पण पू झालेला असेल किंवा वेळ कमी असेल तर दोन-तीन बैठका लागतात. पहिल्या बैठकीत दात वरून उघडतात, आतली सडलेली नस काढतात, नळ्या साफ करून औषध ठेवतात आणि वर तात्पुरतं सिमेंट लावतात. पुढच्या वेळी नळ्या कायमच्या भरायच्या, आणि नंतर वर टोपी बसवायची. गोची इथे आहे. बहुतेकदा ठणका पहिल्या बैठकीनंतरच थांबतो. नस काढली, दाब गेला, मग दुखणार काय? माणसाला वाटतं, झालं काम. पण ते तात्पुरतं सिमेंट काही आठवड्यांचं पाहुणं असतं. ते झिजतं, फटीतून जंतू पुन्हा आत जातात. आणि पोखरलेली दाढ टोपीशिवाय चावताना फुटू शकते.

काकूंना पुढची तारीख दिली नव्हती, कारण त्या म्हणाल्या, सुट्टीचं विचारून सांगते. माझ्या शीटमध्ये एक रकाना होता, ‘स्थिती’. त्यात तीन पर्याय: बाकी, झालं, रद्द. त्या संध्याकाळी दादाने बरोबर निवडलं, ‘झालं’. त्या दिवशीचं काम झालंच होतं ना! आणि आठवणीचा मेसेज पाठवणारी माझी स्क्रिप्ट काय बघायची? ‘झालं’ असेल तर सोडून द्या.

काकू पाच महिन्यांनी आल्या. गाल सुजलेला, दाढ मधून उभी फुटलेली. ती काढावी लागली.

ताई मला काही बोलली नाही. फक्त कपाटातली जुनी केसपेपरची पेटी दाखवली. माझ्या आधी तिथे काय पद्धत होती? ज्याचं काम अर्धवट आहे, त्याच्या केसपेपरचा वरचा कोपरा दुमडायचा आणि तो लाल रबरबँडच्या गठ्ठ्यात ठेवायचा. दर शनिवारी मावशी तो गठ्ठा घेऊन बसायच्या आणि एकेकाला फोन लावायच्या. मी आलो, सगळे कोपरे सरळ केले, गठ्ठा सोडला आणि पेपर आडनावाप्रमाणे लावून टाकले. मला तो पसारा वाटला होता. तो डेटाबेस होता.

चूक एका ओळीची नव्हती, मांडणीचीच होती. मी भेट मोजत होतो, आणि दवाखाना दात मोजतो. भेट संपते, दात संपत नाही. म्हणून आता शीटमध्ये प्रत्येक ओळ म्हणजे एक दात. तो एकदा उघडला की ‘टोपी बसली’, ‘काढला’ किंवा ‘पेशंटने समजून-उमजून नको म्हटलं’ यांपैकी काहीतरी लिहेपर्यंत ती ओळ बंदच होत नाही. तारीख नसेल तर ओळ लाल. ‘झालं’ हा शब्द मी पूर्ण शीटमधून काढून टाकलाय.

दाताला नंबर असतो हे तुमच्यापैकी किती जणांना माहीत आहे? दोन आकडे. पहिला तोंडाचा चौथा भाग सांगतो: पेशंटचा वरचा उजवा १, वरचा डावा २, खालचा डावा ३, खालचा उजवा ४. दुसरा आकडा मधून मोजायचा. काकूंची दाढ ४६, म्हणजे खालच्या उजव्या बाजूचा सहावा दात. दुधाच्या दातांचे भाग ५ ते ८. मी हुशारी करून नियम घातला की मोठ्या माणसाला ५ ते ८ चालणार नाही. ताई हसली, म्हणाली, काही जणांचा दुधाचा दात तिशीतही तसाच असतो. नियम काढला. आणि उलट बाजूने, ही ‘सहा नंबरची’ दाढ मुलांना सहाव्या वर्षाच्या आसपास येते, कुठलाही दात न पडता मागे उगवते. घरच्यांना वाटतं दुधाचीच आहे, किडली तर पडून जाईल. ती पडत नाही, ती कायमची असते. घरात पहिली-दुसरीतला भाचा-पुतण्या असेल तर आज रात्री टॉर्च घेऊन बघा.

मेसेजचं पण सांगतो. माझा पहिला मेसेज इंग्रजीत होता, टेम्प्लेटमध्ये तोच आलेला. कोणी वाचायचं नाही. मग मराठीत केला. तरी काही जण येईनात, तेव्हा मावशींनी सांगितलं की अर्ध्या बायकांचा दिलेला नंबर मुलाचा असतो, तो रात्रपाळीला. आता नंबरापुढे ‘फोन कोणाकडे असतो’ असा रकाना आहे. आणि फोन दुसऱ्याचा असू शकतो म्हणून मेसेजमध्ये आजाराचं काही लिहायचं नाही, नुसतं नाव, वार, वेळ. २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे तो आहेच, पण सासूच्या कवळीची बातमी चाळभर होऊ नये एवढी अक्कल कायद्याशिवायही असायला हवी. ज्यांना वाचायला जमत नाही त्यांना मावशींच्या आवाजातली व्हॉइस नोट जाते. माझ्या स्क्रिप्टपेक्षा तिला जास्त उत्तरं येतात, हे मी मान्य केलंय.

आता तुमच्या बाजूने काय? नंबर लावताना ‘दात दुखतोय’ एवढंच सांगू नका. शुगर, बीपी, हृदयाचं ऑपरेशन, रक्त पातळ करायची गोळी, गरोदरपण, कुठल्या औषधाची ॲलर्जी, हे फोनवरच सांगा. त्यावर जागा ठरते. शुगरवाल्याला सहसा सकाळची वेळ बरी, नाश्ता करून, नेहमीची गोळी घेऊन. दाढ काढायला उपाशी जायचं असतं हा गैरसमज आहे. नुसत्या सुईच्या भुलीसाठी पोटात काहीतरी असलेलं चांगलं. हृदयात कृत्रिम झडप असेल तर दाढ काढण्याआधी अँटिबायोटिक द्यावं लागतं, ते ऐनवेळी कळलं तर खोळंबा होतो. आणि रक्त पातळ करायची गोळी स्वतःच्या मनाने बंद करून जाऊ नका, हे ताईने मला तीनदा सांगायला लावलंय.

काही गोष्टींना नंबरच लावायचा नसतो. सूज डोळ्याकडे किंवा गळ्याकडे सरकतेय, ताप आहे, गिळायला-श्वास घ्यायला त्रास होतोय, तर सरळ मोठ्या हॉस्पिटलात जा, रात्र असली तरी. आणि क्रिकेट खेळताना पोराचा कायमचा दात अख्खा बाहेर पडला, तर तो मुळाला हात न लावता वरून धरायचा, घासायचा नाही, माती असेल तर क्षणभर धुवायचा आणि जमलं तर लगेच जागेवर बसवायचा. नाही जमलं तर कपभर दुधात टाकून अर्ध्या-एक तासाच्या आत डॉक्टरकडे पळायचं. दुधाचा दात असेल तर मात्र परत बसवत नाहीत. ती सव्वासातची रिकामी जागा अशाच कुणासाठी असते.

काकूंचं राहिलं. त्या गेल्या महिन्यात पुन्हा आल्या होत्या, दुसऱ्या बाजूची दाढ घेऊन, ३६. मी तिथेच होतो, प्रिंटर नीट करत. ताईने ओळख करून दिली, “हाच तो, मेसेज पाठवणारा.” मी काय बोलावं या विचारात असताना काकूच म्हणाल्या, “अरे बाळा, तुझ्या कॉम्प्युटरला सांग, माझा फोन आता सुनेकडे असतो. आणि सोमवारी मेसला सुट्टी असते, सोमवारच दे.”

३६ अजून लाल नाही. येत्या सोमवारी, साडेपाच, टोपी.

चला मंडळी, पुढच्या एपिसोडला भेटू. तुमच्या ओळखीत कोणाची दाढ ‘दुखायची थांबली म्हणून’ अर्धवट राहिली असेल तर हा एपिसोड त्यांना पाठवा. आणि त्यांचा फोन कोणाकडे असतो ते आधी विचारून घ्या.